‘कृत्ये’ की ‘कार्ये’?

प्रश्न असा आहे: बायबलच्या नव्या करारातल्या पाचव्या पुस्तकाला मराठीत ‘प्रेषितांची कृत्ये’ म्हणतात. ‘कृत्य’ ऐकलं की पुढे ‘भ्याड’ नाहीतर ‘निंद्य’च आठवतं. मग ‘कार्ये’ किंवा ‘पराक्रम’ का नाही?

शब्द वर्तमानपत्रांनी नासवला, हे कबूल. ‘नित्यकृत्य’, ‘कृतकृत्य’ यांत तो अजून सोवळा आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘प्राक्सेइस’. राजे-सेनापतींच्या कर्तबगारीच्या ग्रंथांना लावायची ही पाटी. अलेक्झांडरचा इतिहासकार कॅलिस्थेनिस याच्या ग्रंथाला ‘अलेक्झांडरची प्राक्सेइस’ म्हणत. आपल्या पुस्तकावर ती बहुधा लेखकाने लावलेली नाही, दुसऱ्या शतकात कुणीतरी चिकटवली. पण चिकटवणाऱ्याची पारख चांगली होती. परंपरा ज्याला लूक म्हणते तो हा लेखक इतिहासकारांच्या रिवाजानेच लिहितो. त्याच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघडा: रोमन सम्राट तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचं १५वं वर्ष, यहूदीयात पिलात सुभेदार, गालीलात हेरोद मांडलिक. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजही अथेन्स-स्पार्टा युद्धाचा आरंभ असाच सांगतो: अर्गोसची पुजारीण ख्रिसिस हिचं ४८वं वर्ष, स्पार्टात अमका, अथेन्सात तमका. सर्वांना चालेल असा सन नव्हता, तेव्हा काळ माणसांवरून मोजायचा. भाषणांचंही तेच. शब्दन्‌शब्द ध्यानात राहणं कठीण, म्हणून प्रसंगाला साजेसं, मूळ आशय धरून लिहिलं, असं थ्युसिडिडीज सरळ सांगतो. ‘कृत्ये’तली पेत्र-पौल या प्रेषितांची लांबलचक भाषणं वाचताना हे लक्षात ठेवावं. बखरी वाचलेल्यांना यात नवल वाटू नये.

आता गंमत. पुस्तकाच्या नावात असलेला हा शब्द आत एकदाच येतो, एकोणिसाव्या अध्यायात, आणि तोही वाईट अर्थाने! इफिसचे लोक येऊन आपापली ‘प्राक्सेइस’ कबूल करतात, म्हणजे जादूटोणा. मग ५०,००० रुप्याच्या नाण्यांच्या किमतीच्या जादूच्या पोथ्या जाळतात. ग्रीक मंत्रतंत्राच्या कागदांतही ‘प्राक्सिस’ म्हणजे प्रयोग. आपल्याकडे अथर्ववेदातली ‘कृत्या’, म्हणजे शत्रूवर केलेली करणी, आठवा. म्हणजे ज्या डागामुळे ‘कृत्ये’ खटकतं, तो मूळ शब्दावरही आहेच.

तेव्हा ‘कृत्ये’च राहू द्या. ‘कार्ये’ म्हटलं की संस्थेचा वार्षिक अहवाल वाटतो, आणि ‘पराक्रम’ म्हणावं तर शेवटी पौल रोममध्ये भाड्याच्या घरात, पहाऱ्याखाली. माझी तक्रार आहे ती ‘प्रेषितांची’बद्दल. येशूच्या बारा प्रेषितांपैकी बहुतेकांची नावं पहिल्या अध्यायानंतर पुन्हा येतच नाहीत.