अकरा महिने झाले, आता हा पोरगा वरचा मजला सोडून नाही राहिला

प्रश्न : ताई, नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात आमचं दोन मजली घर आहे. वरचा मजला मागच्या वर्षी मिहानमध्ये नोकरीला असलेल्या एका मुलाला दिला, भाडं १२ हजार, डिपॉझिट ५० हजार. ओळखीतून आला म्हणून स्टॅम्पवर ११ महिन्यांचं लिहून नोटरी केली, बस. मार्चमध्ये मुदत संपली. आता मुलगी बाळंतपणाला येणार, जागा पाहिजे, तर हा रोज "बघतो ना काका" म्हणून राहिला. भाडं मात्र एक तारखेला बरोबर टाकतो. कूलर दिवसरात्र सुरू, त्याचं पाणी झिरपून आमच्या बेडरूमचं प्लास्टर फुगलं. मित्र म्हणतात वरची लाइन बंद कर, दोन दिवसांत पळेल. करू का?

उत्तर : काका, आधी त्या मेन स्विचवरचा हात काढा. मे महिन्यात नागपुरात कुणाच्या कूलरची लाइन कापली तर माणूस पळत नाही, पोलिस स्टेशनला जातो, आणि तिथे चूक तुमची दिसेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याच्या कलम २९ मध्ये घरमालकाने भाडेकरूचं पाणी-वीज तोडू नये असं स्पष्ट आहे. तुम्ही म्हणाल तो भाडेकरू कुठे, मी तर लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती वापरायची परवानगी म्हणून दिलं. खरी गोची तिथेच आहे.

११ महिन्यांचं असलं की रजिस्ट्री लागत नाही, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की माझ्या सासऱ्यांनीसुद्धा दोनदा असंच केलं, एकदा चांगलेच अडकले. आपल्या राज्यात कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, मुदत कितीही असो. आणि ती जबाबदारी घरमालकाची, भाडेकरूची नाही. केलं नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याहून त्रासाची गोष्ट म्हणजे रजिस्टर करार नसला तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल समोरचा जे म्हणेल तेच धरलं जातं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. उद्या तो म्हणाला की काकांनी तीन वर्षांसाठी दिलं होतं, तर बसा कोर्टात.

आणि वाचवलं किती? १२ हजार गुणिले ११ म्हणजे १ लाख ३२ हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले साडेचार हजार मिळवा, त्याचा पाव टक्का स्टॅम्प ड्युटी. चारशेच्या आतच येतं. रजिस्ट्रेशन फी शहरात हजार. वर थोडं हँडलिंग आणि जो एजंट घरी येऊन अंगठा घेतो त्याचे पैसे. म्हणजे कूलरच्या नव्या मोटरीएवढा खर्च, त्यासाठी पूर्ण मजला अडकला.

आता करायचं काय? भांडू नका. तो भाडं वेळेवर देतो, म्हणजे पोरगा वाईट नाही, त्याला फक्त घर शोधायचा कंटाळा आहे. मुलीच्या तारखेच्या महिनाभर आधीची तारीख धरा, तेवढ्याच दिवसांचा नवा लिव्ह अँड लायसन्स करार करा आणि या वेळी रजिस्टर करा. त्याला मोकळेपणाने सांगा की तोपर्यंत राहा, डिपॉझिट पूर्ण परत देतो. रजिस्टर करारानंतरही मुदतीला नाही निघाला तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि त्यानंतरच्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. हे त्याला नुसतं वाचायला दिलं तरी पुष्कळदा काम होते. सही करायला नाहीच म्हणाला तर वकिलाकडून नोटीस, मग चालढकल नको.

कूलरचं वेगळं. नव्या करारात एक ओळ टाका की कूलर खिडकीबाहेर स्टँडवर राहील आणि पाण्याने भिंत खराब झाली तर दुरुस्ती त्याच्याकडे. आत्ताच त्या फुगलेल्या प्लास्टरचे फोटो काढून त्याला पाठवून ठेवा, नंतर "हे आधीपासूनच होतं" म्हणायला जागा नको. सबमीटर असेल तर त्याच्या रीडिंगचा पण फोटो.

प्रश्न : हुडकेश्वरकडे प्लॉट पाहिला, विकणारा म्हणतो आरएल (रिलीज लेटर, प्लॉट नियमित केल्याचं पत्र) येतेच आहे, तुम्ही अर्धे पैसे रोख द्या. घ्यावं का?

उत्तर : येतेच आहे म्हणजे आलं नाही. डिमांड, म्हणजे प्लॉट नियमित करायचं शुल्क, भरल्याची पावती दाखवा म्हणा, आणि ले-आऊटच्या नकाशात तुमचा प्लॉट ओपन स्पेसवर किंवा आरक्षणात तर नाही ना, हे नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), ज्याच्या हद्दीत येतो तिथे जाऊन स्वतः बघा, मोबाइलवरच्या फोटोवर नाही. बँकेत कर्जाची फाइल दाखवून बघा, ते लगेच सांगतील कोणता कागद कमी आहे. इसार द्यायचाच तर चेकने द्या. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा. हे विकणाऱ्याच्या कानावर घाला, बघा मग रोखीचा आग्रह किती टिकतो ते.