गाडीचे प्रश्न: पीटी क्रूझर घ्यावी की एचएचआर?

प्रश्न: आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. माझं रोजचं जाणं-येणं ४५ मैलांचं, बहुतेक महामार्गावरचं. जुन्या वळणाच्या गाड्या मला मनापासून आवडतात. त्यातल्या दोन पाहून ठेवल्या आहेत. एक २००७ ची क्रायस्लर पीटी क्रूझर : २.४ लिटर, टर्बो नसलेली, ऑटोमॅटिक, १,०८,००० मैल. दुसरी २००९ ची शेव्रोले एचएचआर : २.२ लिटर, ऑटोमॅटिक, १,२४,००० मैल. दोन्हींची किंमत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास आहे आणि आमची एकूण तयारी साडेचार हजारांची. सासू-सासरे वर्षातले चार-पाच महिने इथे असतात, सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. रोजच्या वापराला कुठली बरी?

उत्तर: या दोघी सख्ख्या बहिणी वाटतात, त्याला कारण आहे. दोघींचं बाह्यरूप ब्रायन नेस्बिट या एकाच डिझायनरचं. क्रायस्लरमध्ये असताना त्याने क्रूझर काढली आणि २००१ मध्ये जनरल मोटर्सकडे गेल्यावर एचएचआर, तीही १९४९ च्या शेव्रोले सबर्बनचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून. दोन्ही मेक्सिकोत तयार झाल्या. पण हूड (बॉनेट) उघडलं की हे नातं संपतं, आणि तुमचा निर्णय तिथेच व्हायला हवा.

क्रूझरच्या २.४ लिटर इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघड-मीट करवणारा रबरी पट्टाच तो. लाखभर मैलांनंतर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. तुम्ही पाहिलेली गाडी नेमकी त्याच टप्प्यावर आहे. बेल्ट बदलायला इंजिनाला खालून आधार देऊन उजव्या बाजूचं माउंट सोडवावं लागतं, कारण बेल्ट त्याच्यामागे दडलेला असतो. म्हणून पट्टा स्वस्त असला तरी मजुरी जास्त पडते. वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे दोन्ही एकदमच बदलायचे. सोबत टेन्शनर, आयडलर पुली आणि क्रँक-कॅमचे ऑइल सील. नुसता बेल्ट बदलून पंप जुनाच ठेवला आणि वर्षभराने पंप गळायला लागला, तर तीच मजुरी पुन्हा भरावी लागते. हा सगळा खर्च हजार डॉलरच्या घरात जातो, म्हणजे तुमच्या हातात उरणारी सगळी रक्कम त्यातच संपते.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा : बेल्ट बदलल्याची पावती आहे का? ‘आधीच्या मालकाने बदलला असं म्हणाला होता’ हे उत्तर ‘नाही’ असंच समजा. पावतीवर तारीख, मैल आणि वॉटर पंपाची ओळ, तिन्ही दिसायला हवेत.

एचएचआरच्या २.२ लिटर इकोटेक इंजिनात बेल्टऐवजी साखळी आहे. ती ठरावीक मैलांनी बदलायची नसते. मात्र साखळी ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तेल कमी पडलं की साखळी सैल होते, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर आपटते आणि त्या तुटतात. साखळीने दात सोडले तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकून वाकतात आणि इंजिनच जातं. तपासण्याची रीत सोपी आहे. गाडी बघायला जाण्याआधी फोन करून सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर हूडवर हात ठेवा, थंड असेल तरच पुढे जा. आधी डिपस्टिक काढून तेलाची पातळी बघा. मग गाडी सुरू करून पहिले दहा सेकंद कान देऊन ऐका. डब्यात खडे हलवावेत तसा आवाज इंजिनाच्या बाहेरच्या पट्टा-पुलीच्या बाजूने आला आणि तो दोन-तीन सेकंदांत थांबला नाही, तर तिथूनच परत फिरा.

याच इंजिनाचं ऑइल फिल्टर वरच्या बाजूला, काळ्या प्लॅस्टिकच्या टोपीखाली असतं. टोपी ३२ मिलिमीटरच्या सॉकेटने उघडते. टोपीच्या कडा सोलवटल्या असतील, पान्ह्याने ओरबाडल्यासारखं दिसत असेल किंवा आजूबाजूला ओलसर काळा थर असेल, तर देखभाल घाईगर्दीत झाली असं धरायला हरकत नाही. प्रत्येक तेलबदलाला टोपीचा ओ-रिंगही नवा लागतो. पुष्कळ जण तो जुनाच ठेवतात आणि तिथूनच तेल पाझरतं.

आता गिअरबॉक्स. दोन्हीत चार गिअरांचा ऑटोमॅटिक आहे. क्रूझरच्या गिअरबॉक्सला एटीएफ प्लस ४ हेच तेल लागतं. त्याऐवजी डेक्सरॉन हे दुसरं गिअर तेल घालून वर ‘अॅडिटिव्ह’ची बाटली ओतण्याची सवय फार जुनी आहे आणि त्यात बरेच गिअरबॉक्स वाया गेले आहेत. शिवाय या तेलाचा रंग आणि वास वापराबरोबर बदलतो, त्यामुळे रंगावरून निदान करणाऱ्यावर विसंबू नका. वीस-पंचवीस मिनिटं चालवून बघा. चालता चालता गाडी एकाएकी दुसऱ्या गिअरमध्ये अडकली आणि बंद करून सुरू केल्यावर पुन्हा नीट चालू लागली, तर ती सेन्सर किंवा सोलेनॉइडची तक्रार आहे. विक्रेता ‘एवढंच होतं कधीकधी’ म्हणेल. तो दोष पुढे वाढतच जातो. एचएचआरच्या गिअरबॉक्सला डिपस्टिकच नाही. तेलाची पातळी गाडी लिफ्टवर घेऊन, बाजूचा प्लग उघडून बघावी लागते. म्हणून ही गाडी मेकॅनिककडे नेऊन तपासून घेण्याला पर्याय नाही.

पेट्रोलचा हिशेब तुमच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. महामार्गावर एचएचआर गॅलनला २८ ते ३० मैल देते, ऑटोमॅटिक क्रूझर २४ च्या आसपास. वर्षात कामाचे २५० दिवस धरले तर ११,२५० मैल होतात. २८ आणि २४ धरूनही वर्षाला ६७ गॅलनचा फरक पडतो.

मग क्रूझरच्या बाजूने काहीच नाही का? आहे, आणि ते सासूबाईंच्या गुडघ्यांशी जोडलेलं आहे. क्रूझरची बैठक खुर्चीसारखी उंच आहे. मागचं आसन दुमडता येतं, शिवाय सोडवून बाहेरही काढता येतं. काचा मोठ्या आहेत, चारही बाजूंचं दिसतं. एचएचआरच्या काचा बुटक्या आणि छत पेलणारे काचांमधले खांब जाड, मागे घेताना हे फारच जाणवतं. तिची लांबीही सात इंचांनी जास्त आहे. हे कागदावर कळत नाही. सासूबाईंना सोबत न्या, दोन्ही गाड्यांत मागे आणि पुढे बसवून उतरवून बघा. तुम्ही स्वतः लेन बदलताना उजव्या खांबाआड शेजारची गाडी लपते का, तेही पाहा.

सुरक्षेतही फरक आहे. क्रूझरमध्ये इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) कधीच मिळालं नाही आणि बाजूच्या धडकेच्या चाचणीत आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने तिला ‘पुअर’ असा सर्वांत खालचा शेरा दिला होता. रोज महामार्गावर जाणाऱ्या माणसाने हे डोळ्यांआड करू नये.

एचएचआरची काळी बाजू रिकॉलची. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने इग्निशन स्विचसाठी ज्या गाड्या परत बोलावल्या त्यात एचएचआर होती. स्विचची पकड सैल, त्यामुळे किल्लीला जड जुडगा लटकवला किंवा गुडघा लागला की ती चालत्या गाडीत ‘रन’वरून घसरायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड आणि एअरबॅगही निकामी. त्याच वर्षी २००९-१० च्या काही टर्बो नसलेल्या एचएचआर इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगसाठीही बोलावल्या गेल्या. तुमची गाडी त्याच वर्षांतली आहे. गाडीचा ओळख क्रमांक, म्हणजे १७ अंकी-अक्षरी व्हिन नंबर, एनएचटीएसए या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाका. एखाद्या रिकॉलची दुरुस्ती बाकी दिसली तर खरेदीआधी शेव्रोले डीलरला फोन करून दुरुस्तीबद्दल विचारा. त्यानंतरही किल्लीच्या रिंगमध्ये एकच किल्ली ठेवा.

आमचा कल एचएचआरकडे आहे : इंजिन थंड सुरू होताना शांत असेल, रिकॉल पूर्ण असतील आणि सासूबाईंना चढ-उतार जमत असेल तर. क्रूझरची बेल्ट-पंपाची खरी पावती मिळाली आणि गुडघ्यांचा प्रश्न मोठा असेल, तर क्रूझर घ्या. पेट्रोल थोडं जास्त जाईल. पावती नसेल तर किंमत बेल्टच्या खर्चाएवढी उतरायला हवी, नाहीतर सोडून द्या.

शिकागोची गाडी म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि त्याचा गंज आलाच. लिफ्टवर असताना दाराखालच्या पट्ट्या बोटाने दाबून बघा, ब्रेकच्या लोखंडी नळ्या मागच्या चाकांपर्यंत तपासून घ्या. नळीवर पापुद्रे सुटले असतील तर तो खर्च आधीच धरा.

प्रश्न: विक्रेता म्हणतो, ‘चेक इंजिन दिवा लागत नाही, एमिशन टेस्टचं टेन्शन नको.’ एवढ्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर: नको. गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड पुसले की दिवा विझतो, पण त्यासोबत गाडीचे रेडीनेस मॉनिटर, म्हणजे तिने स्वतः केलेल्या तपासण्यांच्या नोंदीही शून्यावर येतात. साधा ओबीडी रीडर (हे कोड वाचणारं यंत्र) स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा आणि मॉनिटरची यादी उघडा. एकापेक्षा जास्त ‘अपूर्ण’ असतील तर कोड नुकतेच पुसले गेले आहेत किंवा बॅटरी काढली होती. आठवडाभर चालवून मॉनिटर पूर्ण झाल्यावर पुन्हा दाखवा, असं सांगा.

प्रश्न: आमची २००५ ची क्रूझर ट्रॅफिकमध्ये गरम होते आणि महामार्गावर ठीक असते. थर्मोस्टॅट बदलला तरी तसंच.

उत्तर: वेग असताना वारा रेडिएटर थंड करतो, उभं राहिल्यावर ते काम पंख्याचं. या गाडीचा पंखा हा ओळखीचा दोष आहे. इंजिन सुरू करून एसी लावा, थोड्याच वेळात पंखा फिरायला हवा. फिरत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा, मग पंख्याचा कनेक्टर उघडा. झिजलेली मोटर जास्त करंट ओढते आणि कनेक्टरचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन पिनांभोवती वितळतं. कनेक्टर तसाच ठेवून फक्त मोटर बदलली तर काही महिन्यांत तोच त्रास. दुरुस्ती होईपर्यंत गाडी काटा चढलेल्या अवस्थेत चालवू नका, हेड गॅस्केट जाईल. तातडीला हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर जोरात लावला तर काटा थोडा उतरतो.

प्रश्न: एचएचआरची किल्ली बंद केल्यावर निघत नाही. बॅटरीही सापडत नाही!

उत्तर: गिअरचा दांडा ‘पार्क’मध्ये आला हे सांगणारा एक छोटा स्विच दांड्याखाली असतो. तो झिजला की गाडीला पार्क कळत नाही आणि किल्ली सुटत नाही. ब्रेक दाबून, दांडा पार्कमध्येच पुढे ढकलून धरा आणि किल्ली फिरवा, बहुधा सुटेल. सुटत असेल तर दोष स्विचचाच. इग्निशन लॉक बदलायला लावणाऱ्याचं ऐकू नका.

बॅटरी मागे, सामानाच्या जागेच्या फळीखाली आहे. ती गाडीच्या आतल्या हवेत असल्यामुळे नवी बसवताना वायू बाहेर नेणारी नळी जोडली आहे ना, हे स्वतः बघा. जंप द्यायला मागे जाऊ नका, हूडखाली त्यासाठी लाल टोपीचा, धन टोकाचा खुंट दिलेला आहे.