ॲम्बेसेडरची व्हॅक्यूमची नळी काढून टाकली तर चालतं का? टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) कसं लावायचं?

तुमची १९७८ची ॲम्बेसेडर सपाटीला झकास पळते, तुळजापूरच्या घाटात मात्र खडखडते. मेकॅनिकने व्हॅक्यूमची नळी काढली आणि 'तिची गरज नाही' म्हणाला. ह्या दोन तक्रारी नाहीत हो, एकच आहे.

पॅडल हलकं असताना सिलिंडरमध्ये माल (पेट्रोल-हवेचं मिश्रण) कमी जातो आणि तो सावकाश जळतो, म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते. ते काम ह्या नळीचं: कार्बुरेटरकडची ओढ (व्हॅक्यूम) ती डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्याला, पोचवते. घाटात पॅडल दाबलं की व्हॅक्यूम पडतो आणि जादाचं ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पडणं) आपोआप उतरतं. नळी काढली की सपाटीला गाडी मेल्यासारखी वाटते, मग डिस्ट्रिब्युटरच फिरवून ॲडव्हान्स वाढवतात. ते घाटातही मागे हटत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात असं चालवलंत तर पिस्टनची खैर नाही. माझ्या गाडीला एकदा असंच करून ठेवलं होतं. सकाळी हॅन्डल मारलं तर उलटा दणका, मनगट आठवडाभर सुजलेलं.

आधी नळी तपासा. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढा, नळीचं कार्बुरेटरकडचं टोक तोंडात धरून ओढा. पॉइंटची (उघडला की ठिणगी पडते तो संपर्क) प्लेट सरकली पाहिजे. जिभेने टोक दाबून धरा: प्लेट तिथेच थांबली तर डायफ्रॅम (नळीच्या टोकाच्या डबीतला पडदा) शाबूत, परत आली तर फाटलाय, बदला. (चव पेट्रोलची येते, चहा आधी उरकून घ्या.)

मग पॉइंटची गॅप, ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंग त्यानंतरच, कारण गॅप वाढली की टायमिंगही पुढे सरकतं.

आता प्लग काढून इंजिन हाताने फिरवा. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर (माल दाबत पिस्टन वर चढताना) येऊ द्या आणि पुलीची खाच तुमच्या पुस्तकातल्या अंशावर थांबवा (माझी ५ वर आहे). कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला आणि बॉडीला १२ व्होल्टचा बल्ब जोडा, चावी चालू करा. क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर रोटरच्या (आतला फिरणारा भाग) फिरण्याच्या दिशेने फिरवा, बल्ब विझेल. मग उलट, केसाकेसाने. बल्ब पेटला त्या क्षणी पॉइंट उघडला. तिथेच कसा.

टायमिंग लाइटने बघणार असाल तर नळी काढून तिचं तोंड बंद करा, इंजिन सावकाश चालीवर ठेवा. नंतर नळी परत जोडायची, विसरू नका.

शेवटी रस्त्यावर: टॉप गिअर, ४०चा स्पीड, पॅडल पूर्ण. क्षणभर बारीक टिकटिक होऊन थांबली तर ठीक. चालूच राहिली तर एखादा अंश मागे घ्या आणि मगच घाट चढा.