वाचक विचारतात : प्रवाळ जगतात, पण वाढत नाहीत

प्रश्न : माझ्याकडे ६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तिच्यात मशरूम कोरल, झोअँथिड आणि एक लेदर कोरल असे तीन प्रकारचे प्रवाळ आहेत. वर्षभरात एकही मेला नाही, परंतु वाढही दिसत नाही. दुकानदाराच्या सांगण्यावरून कॅल्शियमचे आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता) वाढवणारे द्रावण दर आठवड्याला घालतो. चाचणीत कॅल्शियम ४८० पीपीएम (दहा लाख भागांत ४८० भाग) आणि अल्कलिनिटी १२ डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचे एकक) येते. घरातील पिण्याच्या आरओ यंत्राचे पाणी वापरतो आणि पातळी उतरली की रविवारी भर घालतो. आणखी काय घालावे?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : तूर्त काहीही घालू नये; त्या दोन्ही बाटल्याही कपाटात ठेवून द्याव्यात. मशरूम आणि झोअँथिड यांना चुनखडीचा सांगाडा नसतो आणि लेदर कोरलच्या मांसात चुनखडीच्या केवळ बारीक कण्या असतात, त्यामुळे आपल्या टाकीत कॅल्शियम फारसे खर्चच होत नाही. जे खर्च होत नाही ते दर आठवड्याला घातले की साठत जाते. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम सुमारे ४१० पीपीएम आणि अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास असते. रीफसाठीच्या (प्रवाळांच्या टाकीसाठीच्या) चांगल्या मिठाचे द्रावण करून आठवड्याला दहा टक्के पाणी बदलत राहिलात, तर या तीन प्रकारांना लागणारे सर्व काही त्यातूनच मिळते. बाटली विकणे दुकानदाराला सोपे असते, एवढाच त्या सल्ल्याचा अर्थ घ्यावा.

वाढ खुंटण्याचे कारण मला आपल्या रविवारच्या भरीत दिसते. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. मीठ टाकीतच राहते. आपल्या टाकीतून दिवसाला एक लिटर पाणी उडते असे धरले, तर आठवड्याअखेर ५३ लिटर उरते आणि ३५ पीपीटीवर (हजार भागांत ३५ भाग क्षार) असलेला खारेपणा जवळजवळ ४० वर जातो. मग रविवारी गोडे पाणी ओतताच तो तासाभरात पुन्हा ३५ वर आदळतो. मोठ्या टाकीत हा हेलकावा सौम्य असतो, छोट्या टाकीत तो प्रत्येक आठवड्याला बसतो. झाकण उघडून पॉलिप (प्रवाळाचे फुलासारखे उमलणारे जीव) अर्धवट मिटलेले दिसतात का, ते शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी भर घातल्यावर मुद्दाम पाहावे. यावर उपाय म्हणजे काचेवर पातळीची खूण करून रोज सकाळी तेवढेच गोडे पाणी घालणे. जमल्यास फ्लोट बसवलेले स्वयंचलित भर घालणारे यंत्र घ्यावे, कारण छोट्या टाकीत याच्याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही. आपल्या भागात ही भर वर्षभर सारखी राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मार्च ते मे या कोरड्या दिवसांत, त्यातही पाणी थंड ठेवण्यासाठी वरून छोटा पंखा लावला असेल तर, पाणी झपाट्याने उडते. जूननंतर पावसाची झड लागली आणि हवा दमट झाली की ते बरेच कमी उडते. म्हणून मापाचा तांब्या ठरवून घालण्यापेक्षा खुणेकडे पाहून घालावे. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजण्याचे उपकरण) मात्र ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावरच जुळवून घ्यावा.

आता पाण्याविषयी. पिण्याच्या आरओ यंत्रांपैकी बहुतेकांत टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) कंट्रोलर असतो. तो चव राखण्यासाठी गाळलेल्या पाण्यात थोडे कच्चे पाणी परत मिसळतो, आणि काही यंत्रांत खनिजांचे कार्ट्रिजही असते. बोअरचे पाणी जड असेल तर नायट्रेट, सिलिकेट आणि इतर क्षार या वाटेने टाकीत येतात. पाणी मेंब्रेननंतर (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यानंतर) लगेच काढून घ्यावे आणि डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांच्या) नळीतून सोडावे, म्हणजे टीडीएस शून्यावर येतो. हे पाणी प्लास्टिकच्या डब्यातच साठवावे. तांब्याचा हंडा घरात कितीही पवित्र असला तरी त्यातले पाणी प्रवाळांना घातक ठरते.

बाकी गोष्टी थोडक्यात. तापमान २५ ते २६ अंशांवर स्थिर असावे. डिसेंबर-जानेवारीतल्या बेळगावच्या रात्री लक्षात घेता ७५ ते १०० वॅटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर हवाच. निळसर एलईडी दिवसाला आठ-नऊ तास पुरे. मशरूम खाली, मंद उजेडात आणि संथ पाण्यात, लेदर वर, जिथे प्रवाह पुरेसा आहे तिथे ठेवावा. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याच्या हौसेपायी अनेकांच्या टाकीतील प्रवाळ उपाशी राहतात. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असलेले चालते. लेदर कोरल अधूनमधून काही दिवस मिटून बसतो आणि त्याच्या अंगावरून मेणासारखा चकचकीत पापुद्रा सुटतो. तेव्हा घाबरून त्याची जागा बदलू नये, त्याच्या दिशेने थोडा अधिक प्रवाह सोडावा. लेदर आपल्याभोवती इतरांची वाढ रोखणारी रसायने सोडतो, त्यामुळे छोट्या टाकीत अॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवून तो वेळोवेळी बदलावा.

झोअँथिड वाढू लागले की त्यांचे तुकडे करून दुसऱ्या दगडावर लावण्याचा मोह होईल. या गटातील काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालूनच काम करावे, हाताला जखम असेल तर ते पुढे ढकलावे, आणि झोअँथिड असलेला दगड गरम पाण्यात उकळू नये अथवा त्यावर वाफेचा मारा करू नये. अशा वाफेने घरातील सर्वांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागल्याच्या घटना नोंदवलेल्या आहेत.

प्रश्न : रीफचे मीठ फार महाग पडते. मिठागरातील खडे मीठ वापरले तर चालेल का? तसेच मालवणला किंवा गोव्याला गेल्यावर किनाऱ्यावर सापडणारे प्रवाळाचे तुकडे आणून टाकीत लावता येतील का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : मिठागरात पाणी आटत जाते तसतसे कॅल्शियम आधी जिप्सम होऊन खाली बसते, नंतर मीठ पडते, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम मागे उरणाऱ्या कडू पाण्यात राहते. म्हणजे आपल्या हाती येते ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड; त्यात प्रवाळ जगत नाहीत. खर्च कमी करायचा असेल तर मीठ बदलण्यापेक्षा मोठ्या पिशवीतून चार-पाच छंदिष्टांनी मिळून घ्यावे आणि ते कोरड्या, हवाबंद डब्यात ठेवावे, कारण पावसाळ्यात ते ओलावा धरून दगडासारखे घट्ट होते.

किनाऱ्यावरील तुकड्यांविषयी उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व दगडी प्रवाळ (चुनखडीचा कडक सांगाडा असलेले), काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला आणि वाघाला मिळते तेच संरक्षण त्यांना लागू झाले. मालवणचा समुद्री भाग तर १९८७ पासून अभयारण्य आहे. तुकडा जिवंत असो वा मेलेला, तो उचलणे, बाळगणे आणि विकणे हा गुन्हाच ठरतो. दुकानात कोणी "आयात केलेला" म्हणून दगडी प्रवाळ दाखवला, तरी आयात परवान्याची कागदपत्रे हातात घेऊन वाचल्याशिवाय व्यवहार करू नये.