सरद म्हणजे सर्द नव्हे

गोव्यातल्या फोंड्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, 'सरद शेती' म्हणजे थंडीच्या दिवसांतील शेती असे त्यांनी एका मेळाव्यातील भाषणात ऐकले. ते बरोबर आहे का, आणि असल्यास वायंगण, म्हणजे पावसानंतरचे दुसरे भात, कशाला म्हणायचे? ते साफ चूक आहे. हा घोटाळा अलीकडे व्यासपीठांवरून आणि बातम्यांतूनही कानावर येतो, आणि ज्या भूमीत प्रत्येक गावाला हा शब्द ठाऊक होता तिथेच तो व्हावा, याचा मला मनापासून राग येतो. सरद हे पावसाच्या पाण्यावरचे भात होय. त्याला थंडीचे पीक म्हणणाऱ्यांच्या मनात फारसी 'सर्द' म्हणजे थंड हा शब्द असतो, ज्यापासून आपली सर्दी आली. सरदाचे घराणे निराळे आहे.

सरद म्हणजे शरद. मृगात पेरलेले भात आश्विन-कार्तिकात कापणीला येते आणि ज्या ऋतूत ते घरात येते त्याचेच नाव पिकाला मिळते. सरकारी कागदांवरचा 'खरीप' पाहा. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतूच, आणि रबी म्हणजे वसंत. विभागीय कृषी कार्यालयातला अर्ज आणि शेतातली आजी एकच गोष्ट दोन भाषांत सांगत असतात, हे लक्षात आल्यावर मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही. याहून गोड भाग पुढे आहे. वेदांत 'जीवेम शरदः शतम्' म्हणताना शरद म्हणजे वर्ष. पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तेतही, याच शब्दाचे भावंड 'सरद' असे असून त्याचा अर्थ वर्षच आहे, आणि फारसीतले 'साल' त्याच कुळातले. आपण सालाबादप्रमाणे म्हणतो तेव्हा नकळत सरदाचेच नाव घेतो. वर्ष मोजावे ते हातात आलेल्या पिकावरून, असे मानणाऱ्या लोकांचा हा शब्द आहे, असे माझे ठाम मत आहे.

यावर काही जाणकार दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, प्राकृतात मधला 'द' गळून 'सरअ' व्हायला हवा होता. नियम खरा आहे, परंतु महिने आणि ऋतू यांची नावे पंचांग वाचणाऱ्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा गावात येत राहतात, म्हणून ती अर्धी संस्कृत राहतात. ब्रजभाषेतही 'सरद' असाच आहे. केवळ नियमाकडे पाहून शब्द बाद करणाऱ्यांनी एकदा शेतकऱ्यांच्या बोलण्याकडे कान द्यावा. दुसरा आक्षेप असा की, गोव्यातल्या ताळगावात कणसांचे फेस्त, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा नव्या कणसांचा सण, ऑगस्टातच होते, मग शरद कुठून आला? तिथे देवासाठी पहिली कणसे कापतात. मुख्य कापणी नंतरच असते. नव्याचा मान आणि सुगी यांची गल्लत करून व्युत्पत्ती मोडीत काढणे मला मान्य नाही.

आता वायंगण. पाऊस सरल्यावर साठवलेल्या किंवा अडवलेल्या पाण्यावर केलेले दुसरे भात ते वायंगण. रोपे थंडीत लागतात आणि कापणी उन्हाळ्याच्या तोंडाशी होते. 'वाय' आणि 'अंगण' अशी फोड करणाऱ्यांनी घोटाभर चिखलात उभे राहून पाहावे, अंगण कुठे दिसते ते. वेंगुर्ल्याजवळचे आणि मालवण तालुक्यातले वायंगणी ही गावे शब्दाचे जुनेपण सांगतात. सरदाला आभाळ पाणी देते, वायंगणाला गाव देतो. दगड, फांद्या आणि माती यांनी ओहोळ अडवला जातो, पाटात पाणी चढते, वरच्या शेताची मेर, म्हणजे बांध, फावड्याने बोटभर उघडली जाते आणि ते शेत भिजले की तोच चिखल थापून तोंड बुजवून पाणी खालच्याला सोडले जाते. पाळी चुकली तर भांडण गावासमोर येते. कुडचड्याचे नंदा तळे 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले ते पक्ष्यांमुळे, असे बहुतेकांना वाटते. त्याच तळ्यात पावसाळ्यानंतर अडवलेल्या पाण्यावर खालच्या बाजूची भातशेती होते, हे त्या नोंदीतही लिहिलेले आहे.

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीत, मात्र वायंगण सहसा होत नाही. पहिल्या पावसाने मीठ धुऊन जाते, मग कोरगुटासारखे खारेपण सोसणारे भात घेतात. भरतीच्या रेट्याने मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारे मिटतात, ओहोटीला उघडतात. बांधांची डागडुजी पूर्वी गावकारीकडे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे, होती आणि 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघांकडे आली. बांध फुटून खारे पाणी आत शिरले की त्या शेताचा सरद बुडतो, आणि खाजनाला सहसा दुसरे पीक नसल्याने तिथल्या शेतकऱ्याचे सालच बुडते.