वाचक विचारतात: फुकेचा वाडा, ल नोत्रची बाग

पॅरिसच्या आग्नेयेला साधारण ५५ किलोमीटरवर, मलं गावाजवळ, व्हो-ले-व्हिकोंत नावाचा वाडा आहे. फ्रान्सचा अर्थमंत्री निकोला फुके याने तो बांधला. वास्तुरचना लुई ल व्होची, आतली चित्रं आणि सजावट शार्ल ल ब्रंची, बाग आंद्रे ल नोत्रची. मागच्या अंकात या वाड्याची छायाचित्रं छापली आणि पत्रांचा ढीग आला. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

एवढी थाटाची मेजवानी दिली म्हणून राजाने फुकेला तुरुंगात टाकलं, ही गोष्ट खरी का? (पुणे)

अर्धीच. मेजवानी झाली १७ ऑगस्ट १६६१ रोजी. जेवणाची व्यवस्था व्हातेलची होती, मोलिएरच्या नव्या विनोदी नाटकाचा पहिला प्रयोग बागेतच झाला आणि शेवटी दारूकाम झालं. तीन आठवड्यांच्या आत, ५ सप्टेंबरला, नांत शहरात फुकेला पकडलं. पकडणारा अधिकारी दार्तान्यां, म्हणजे ‘थ्री मस्केटियर्स’च्या कादंबऱ्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेला तोच, पण खराखुरा. चौदाव्या लुईचा त्या दिवशी तेविसावा वाढदिवस होता.

बेत मात्र आधीच शिजला होता. मार्चमध्ये मुख्यमंत्री माझारँ वारला आणि यापुढे कारभार मी स्वतः पाहीन, असं राजाने जाहीर केलं. फुकेचे हिशेब किती गोलमाल आहेत, हे अर्थखात्यातला अधिकारी कोल्बेर राजाच्या कानावर घालतच होता. फुकेकडे पॅरिसच्या पार्लमेंटमधलं (हे संसद नव्हे, तेव्हाचं वरिष्ठ न्यायालय) सरकारी वकिलाचं पद होतं. ते हातात असतं तर खटला पार्लमेंटपुढेच चालला असता आणि तिथे त्याची माणसं होती. त्याच उन्हाळ्यात त्याला ते पद विकायला लावलं. मेजवानीने आगीत तेल पडलं, एवढंच. खटला तीन वर्षं चालला. डिसेंबर १६६४ मध्ये १३ न्यायाधीशांनी हद्दपारीच्या बाजूने मत दिलं, ९ जणांनी फाशीच्या. राजाने हद्दपारीची जन्मठेप केली. राजाने न्यायालयाची शिक्षा सौम्य करायची, असा रिवाज. इथे उलटं झालं. १६८० मध्ये फुके पिन्येरोलच्या किल्ल्यात कैदेतच वारला.

वाड्यातल्या गालिचेवजा भिंतपडद्यांवर, पुतळ्यांवर आणि संत्र्यांच्या झाडांवर जप्ती आली आणि बरंचसं सामान राजाकडे गेलं. ल व्हो, ल ब्रं आणि ल नोत्र हे तिघेही पुढे व्हर्सायला राजाच्या कामावर रुजू झाले.

आमच्याकडचा बीबी का मकबराही साधारण त्याच वर्षांतला. दोन्ही बागा रेखीव, मग फरक काय? (छत्रपती संभाजीनगर)

काळ जुळतो, मकबरा १६६०-६१ मध्ये पुरा झाला. पण मकबऱ्याची चारबाग ही भिंतींनी बंद केलेली बाग, तिच्या मध्यावर इमारत आणि चौकांना विभागणारे अरुंद पाट. व्हो-ले-व्हिकोंतला इमारत बागेच्या एका टोकाला आहे. मधली रेघ तिथून निघते ती थेट समोरच्या टेकडीपर्यंत, आणि भिंत कुठेच नजरेला आडवी येत नाही. चारबागेत शिरून बसावं, सावली घ्यावी; व्हो-ले-व्हिकोंतची बाग आधी वाड्याच्या पायऱ्यांवरून पाहायची.

‘दृष्टिभ्रमाची बाग’ म्हणजे नेमकं काय केलंय ल नोत्रने? (ठाणे)

छायाचित्रात न दिसणारी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून उत्तर जरा लांबेल.

सपाट जमिनीवर उभं राहून पाहिलं की वस्तू जितकी लांब तितकी बारीक दिसते. १०० मीटरवरचा हौद आणि ३०० मीटरवरचा हौद सारख्याच रुंदीचे दिसायला हवेत, तर दुसरा तिप्पट रुंद खणावा लागतो. इथवर सगळ्यांच्या लक्षात येतं. पण हौदाची नजरेच्या दिशेतली लांबी त्याहून फार लवकर आक्रसते, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. तिप्पट अंतरावर तीच लांबी दिसायला हौद तीनपट नव्हे, साधारण नऊपट लांब लागतो. म्हणून दूरचा गोल हौद बशीसारखा चपटा दिसतो. यावर उपाय दोन: दूरचे हौद आणि हिरवळीचे पट्टे मोठे करत न्यायचे, आणि जमीन टप्प्याटप्प्याने उतरवायची. पाहणाऱ्याचा डोळा त्या पातळीपेक्षा उंच राहिला की दूरचा भाग ‘उघडतो’. ल नोत्रने दोन्ही केलं. परिणाम असा की बाग प्रत्यक्षापेक्षा आखूड वाटते. टेकडीवरचा हर्क्युलिसचा पुतळा पायऱ्यांवरून हाकेच्या अंतरावर भासतो. चालायला लागलं की तो मागे मागे सरकत जातो. वाड्यापासून तिथवरचं अंतर दीड किलोमीटरच्या आसपास आहे. पुतळा मूळ आराखड्यात होता, पण प्रत्यक्ष बसला १८९१ साली.

दुसरी गंमत कालव्याची. पायऱ्यांवरून पाहिलं की चौकोनी हौदाच्या पलीकडच्या काठाला लागूनच दगडी गुंफा दिसतात. मध्ये काही असेल अशी शंकाही येत नाही. हौदाशी पोचावं, तर पुढची जमीन एकदम खाली उतरते आणि तळाशी आडवा कालवा पसरलेला, जवळजवळ १ किलोमीटर लांब. आंकय नावाच्या छोट्या नदीला वळवून तो केला आहे. खालच्या पातळीवर असल्यामुळे वरून तो दिसतच नाही. गुंफा पलीकडच्या काठावर आहेत, तिथे जायचं तर कालव्याला वळसा घालावा लागतो. परतताना चौकोनी हौदाच्या दूरच्या काठावर थांबून मागे वळा. वारा नसेल तर एवढ्या लांबचा अख्खा वाडा पाण्यात उलटा दिसतो. वाऱ्याची झुळूक आली की गेला, म्हणून सकाळची वेळ बरी.

इथली कुंपणं साडेतीनशे वर्षांची आहेत का? (कोल्हापूर)

एकही नाही. बागेतलं मूळचं जे टिकलं ते मातीकाम: उतार, टप्पे, हौद, कालवा, मधली रेघ. झाडं वारंवार बदलली. १७०५ मध्ये वाडा मार्शल व्हिलारकडे गेला, १७६४ मध्ये प्रालँ घराण्याकडे. १८४७ मध्ये प्रालँच्या ड्यूकने पॅरिसमध्ये बायकोचा खून केला, त्यानंतर वाडा सुमारे तीस वर्षं ओस पडला. १८७५ मध्ये साखर कारखानदार आल्फ्रेड सोमिए याने तो लिलावात घेतला, तेव्हा बागेत रान माजलं होतं. (आपल्याकडच्या साखरसम्राटांना कल्पना सुचली तर सुचो.) वाड्यासमोरची वेलबुट्टी, म्हणजे बुटक्या झुडपांनी जमिनीवर काढलेली नक्षी, १९२३ मध्ये आशिल द्युशेनने जुन्या कोरीव चित्रांवरून नव्याने लावली. तीही आता नाही. बॉक्स नावाच्या सदाहरित झुडपाची ती लागवड रोगाने आणि किडीने इतकी पोखरली की २०१९ मध्ये काढून टाकावी लागली आणि त्या जागी अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची तात्पुरती नक्षी बसवली.

शत्रू दोन. एक बुरशी: पानं सतत ओली राहिली की काळे डाग पडतात, पानगळ होते, फांदीवर काळ्या रेघा उमटतात. दुसरा पूर्व आशियातून आलेला पतंग. तो २००७ मध्ये युरोपात पहिल्यांदा आढळला. त्याची अळी पानं खाते, पानं संपली की साल, आणि साल गेली की झुडूप मरतं. वर्षात दोन-तीन पिढ्या होतात. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जिवाणूची फवारणी चालते, पण अळी लहान असतानाच. त्यासाठी आधी गंधसापळे लावून पतंग कधी उडतात ते पाहावं लागतं. मोठ्या झालेल्या अळीवर फवारून पैसे घालवणारे पुष्कळ आहेत.

फार्महाऊससमोर अशी वेलबुट्टी करायची आहे. रीत सांगाल का? (नाशिक)

जमीन आधी सपाट करा, पण पाण्याला वाट म्हणून मीटरमागे १ ते २ सेंटिमीटर उतार ठेवा. नक्षी चौकटीच्या कागदावर काढा. मग जमिनीवर खुंट्या आणि दोरीने १ मीटरच्या चौकटी पाडा आणि एकेका चौकटीतली रेघ रांगोळी किंवा चुन्याने उतरवा. गच्चीवर किंवा शिडीवर चढून तपासल्याशिवाय एकही रोप लावू नका. खालून बरोबर वाटणारं वळण वरून वाकडं निघतं, आणि ही नक्षी वरूनच पाहायची असते. रोपं १५ सेंटिमीटरवर लावली तर १०० मीटर रेघेला सुमारे ६७० लागतात. मधल्या जागेत फुलं नकोत. त्या काळी लाल रंगासाठी विटांचा चुरा, काळ्यासाठी कोळसा आणि फिक्यासाठी वाळू वापरत.

बॉक्सचा हट्ट धरू नका, त्याला थंड हिवाळा लागतो. मेंदी, कोयनेल, दुरांटा ही आपली कुंपणाची झाडं चालतील, पण ती भराभर वाढतात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला कात्री फिरवावी लागेल, नाहीतर महिन्याभरात नक्षी पुसली जाईल. पानं मोठी असल्याने फार बारीक बुट्टी त्यांत उठत नाही, वळणं मोठी घ्या. कापणी ढगाळ दिवशी करा, कडक उन्हात कापलेल्या कडा करपतात. छाटलेली पानं तिथेच कुजू देऊ नका.

कारंजी रोज का चालत नाहीत? (डोंबिवली)

पंप नाही म्हणून. पाणी वरच्या साठ्यातून निव्वळ उताराने येतं. साठा जितका उंच तितका फवारा उंच, नळातल्या घर्षणाने जे जातं ते वजा करून. साठा रिकामा झाला की खेळ संपला, आणि तो पुन्हा भरायला वेळ लागतो. म्हणून हंगामातल्या ठरावीक दिवशी, दुपारी काही तासच कारंजी सोडतात. तारीख पाहून जा. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून मलंपर्यंत रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, तिथून वाडा साधारण ६ किलोमीटर. हिवाळ्यात बहुतेक काळ वाडा बंद असतो. टेकडीपर्यंत जाऊन यायचं तर तीनेक किलोमीटर खडीवर चालणं आहे, साडीवर उंच टाचा घालून जाऊ नका.