श्रद्धेचा अभिमान, बुद्धीचा अहंकार?

प्रश्न : गणपतीच्या दिवसांत घरी वाद झाला. मी आरतीला उभी राहिले नाही, तेव्हा काका म्हणाले, "आम्हाला आमच्या श्रद्धेचा अभिमान आहे. तुला मात्र बुद्धीचा अहंकार झालाय." वादाचं राहू द्या, पण अभिमान आणि अहंकार यांत खरंच एवढा फरक आहे का? आणि अहंकार हा शब्द देव न मानणाऱ्यालाच का चिकटतो?

उत्तर : फरक आहे, पण काकांनी जिथे रेघ मारली तिथे तो नाही.

आधी आजचा वापर बघू. "मला अभिमान वाटतो" हे आपण सहज म्हणतो, सभेत म्हणतो, मुलांच्या निकालानंतर म्हणतो. "मला अहंकार वाटतो" असं मराठीत कुणी म्हणत नाही. अहंकार होतो, चढतो, दुखावतो, सुखावतो, आणि बहुतेक वेळा तो तुला किंवा त्याला होतो. म्हणजे बोलीत हे दोन शब्द पुरुषाप्रमाणे वाटले गेले आहेत: प्रथमपुरुषी अभिमान, द्वितीय आणि तृतीयपुरुषी अहंकार. काकांच्या वाक्यात तेच झालं. तुम्ही उलट उत्तर दिलं असतंत, तर "मला माझ्या विवेकाचा अभिमान आहे, तुमचा मात्र धार्मिक अहंकार दुखावलाय" असं काहीसं झालं असतं, आणि ते वाक्यही मराठी म्हणून तितकंच अस्सल वाटलं असतं. आस्तिक कोण, नास्तिक कोण, याच्याशी या वाटणीचा संबंध नाही. बोलणारा कोण, एवढाच संबंध आहे.

व्युत्पत्ती पाहिली तर अंतर आणखी कमी होतं. होकार, नकार, हुंकार, धिक्कार यांत जो 'कार' आहे तोच अहंकारात आहे. 'अहम्' असं म्हणणं, तो अहंकार. अभिमानात 'अभि' आणि 'मन्' आहे: एखाद्या गोष्टीकडे वळून ती आपली मानणं. एकात 'मी', दुसऱ्यात 'माझं'. सांख्य दर्शनाचा जुना ग्रंथ सांख्यकारिका, त्याच्या 24 व्या कारिकेत (श्लोकात) तर सरळ व्याख्याच आहे, 'अभिमानोऽहंकारः'. अभिमान म्हणजेच अहंकार.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. ही व्याख्या देणाऱ्या सांख्यांनी आपल्या पंचवीस तत्त्वांत ईश्वराला जागा दिलेली नाही. तरीही परंपरेने त्यांना आस्तिक दर्शनांत बसवलं, कारण जुन्या वापरात आस्तिक-नास्तिक हा भेद वेद मानण्या-न मानण्याचा होता, देव मानण्या-न मानण्याचा नव्हता. म्हणजे अहंकाराची सगळ्यांत काटेकोर व्याख्या आपल्याला मिळाली ती ईश्वराशिवाय विश्वाची मांडणी करणाऱ्यांकडून. बौद्ध परंपराही सृष्टिकर्ता मानत नाही. तिथे 'मान' हे मनाचं असं बंधन आहे की ते थेट अर्हतपद, म्हणजे पूर्ण मुक्ती, मिळाल्यावरच तुटतं. शिवाय 'मी श्रेष्ठ' हा जसा मान, तसाच 'मी बरोबरीचा' आणि 'मी हीन' हाही मान, इतकी बारीक फोड त्या परंपरेने केली आहे. नम्रपणे स्वतःला हीन म्हणत राहण्यातही 'मी'चं माप चालूच असतं, हे ज्यांनी ओळखलं, त्यांना देव न मानल्यामुळे अहंकार कळला नाही असं कसं म्हणावं?

मग अभिमानाला चांगला अर्थ आला कुठून? तो आजकालचा नाही. मनाच्या श्लोकांपैकी कितीतरी श्लोकांच्या शेवटी 'नुपेक्षी कदा राम दासाभिमानी' ही ओळ येते. राम आपल्या दासांचा अभिमानी आहे, म्हणून तो त्यांची उपेक्षा करत नाही. इथे अभिमान म्हणजे ताठा नाही. एखाद्याला आपला म्हणणं, त्याची बाजू घेणं, त्याला सांभाळणं, असा तो अर्थ आहे. जुन्या मराठीतलं 'अभिमान धरणे' हे याच घरातलं. मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो, कारण त्यात अभिमान बाळगणाऱ्यावर जबाबदारी येते. ज्याचा अभिमान, त्याची राखण. अर्थात त्याच काळात तुकोबा 'अभिमानाचें तोंड काळें' असंही म्हणतात. दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. पुढे देशाभिमान, भाषाभिमान, स्वाभिमान यांनी पहिल्या अर्थाचं पारडं जड केलं आणि वाईट अर्थासाठी दुरभिमान, वृथाभिमान अशी जोडकामं करावी लागली.

हिंदीत हे उलटं आहे. तिथे 'मुझे गर्व है' ही कौतुकाची भाषा, तर 'अभिमानी' म्हणजे घमेंडखोर. मराठीत 'गर्वाचे घर खाली' आणि कीर्तनात गर्वहरण. अलीकडे 'मला गर्व आहे' असं मराठीत लिहिलेलं दिसतं ते हिंदीकडून आलेलं आहे. ते टाळावं असं माझं मत आहे, कारण 'अभिमान आहे' हा अस्सल प्रयोग आपल्याकडे असताना चांगल्या भावनेसाठी वाईट शब्द उसना घेण्यात काहीच मिळत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: अहंकार कुणाला चिकटतो? ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राची, म्हणजे शरीराची, तत्त्वं सांगताना ही ओवी येते:

नवल अहंकाराची गोठी । विशेषें न लगे अज्ञानापाठीं ।
सज्ञानाचे झोंबे कंठीं । नाना संकटीं नाचवी ॥

तो अज्ञान्याच्या मागे फारसा लागत नाही, जाणत्याचा गळा धरतो. तुकोबांचं म्हणणंही हेच: 'ज्ञानियांचे घरीं चोजवितां देव । तेथें अहंभाव पाठी लागे.' आणि हे ज्ञानी कोण? देवाचा शोध घेणारेच. नास्तिकांना उद्देशून या ओळी लिहिलेल्या नाहीत, त्या आपल्याच वाटेवरच्या माणसांसाठी आहेत. मनाच्या श्लोकांत 'विचारें तुझा तूंचि शोधूनि पाहें' म्हटलंय, म्हणजे शोधाची दिशाही ठरवून दिली आहे. तुकोबांच्या 'बरें देवा कुणबी केलों । नाहीं तरि दंभेंचि असतों मेलों' यात तर दंभ सरळ प्रथमपुरुषात आला आहे. आज आपण दुसऱ्यावर फेकतो ते शब्द संतांनी स्वतःवर वापरले. अर्थ तोच राहिला, पण पुरुष बदलला, आणि त्याने शब्दाचा स्वभावच पालटला.

काकांच्या मनात कदाचित आणखी एक विचार असेल, तो बऱ्याच श्रद्धावंतांच्या तोंडी ऐकू येतो: ज्याला डोकं टेकवायला कुणी नाही, तो नम्र होणार कसा? शब्दाच्या अंगाने याला तुकोबांचं उत्तर आहे. 'नम्र झाला भूतां । तेणें कोंडिलें अनंता.' नम्र कुणापुढे? भूतांपुढे, म्हणजे जिवांपुढे. अनंत त्यानंतर येतो. शिवाय आपल्याकडे 'विनय' हा वेगळा शब्द आहे. नम्रतेत 'नम्', वाकणं. विनयात 'नी', वळण लावणं, शिस्त. बौद्धांचं विनयपिटक म्हणजे भिक्षूंच्या शिस्तीचं पिटक. विनयाला समोर मूर्ती लागत नाही.

पण न मानणाऱ्यांची बाजूही निर्दोष नाही, आणि तुम्ही त्या बाजूच्या आहात म्हणून हे मुद्दाम लिहितो. वरचढपणा तिथे बऱ्याचदा मऊ शब्दांत येतो: भाबडा, भोळा, 'बिचारे अजून त्यातच आहेत'. 'अंधश्रद्धा' हा शब्द फसवणूक, छळ, अघोरी उपचार यांच्यासाठी हवाच, तिथे मी तो जराही सौम्य करणार नाही. मात्र आजीच्या रोजच्या दिव्याला तोच शब्द लावला की त्यातलं निदान जातं आणि नुसता तुच्छभाव उरतो. महाराष्ट्राने 2013 साली केलेल्या कायद्याच्या लांबलचक नावात नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा, जादूटोणा हे सगळं आहे, अंधश्रद्धा हा शब्द नाही. नाव कृत्यांना दिलं, लोकांच्या मनाला नाही. शब्द निवडावा तो असा.

दोन्हीकडचं एक वाक्य तर अगदी सारखं आहे. श्रद्धावंत म्हणतो, "डोळे उघडतील एक दिवस." बुद्धिवादीही तेच म्हणतो. समोरचा झोपलेला आणि आपण जागे, हे दोघांनीही धरून चाललेलं असतं.

तर तुमच्या घरात जे घडलं त्याला कोणता शब्द? माझी शिफारस आहे 'अभिनिवेश'. योगसूत्रांतल्या पाच क्लेशांतले, म्हणजे मनाला पीडणाऱ्या दोषांतले, दोन मराठीत रोज भेटतात. एक अस्मिता, जी तिथे क्लेश होती आणि आज आपण सभांमधून जपायला सांगतो. दुसरा अभिनिवेश. सूत्रात त्याचा अर्थ जगण्याला चिकटून राहणं, मरणाची भीती असा आहे. मराठीत तो आपल्या मताला जिवाच्या आकांताने चिकटून बोलणं असा झाला. सूत्रकार सांगतात की तो विद्वानालाही तसाच असतो, 'विदुषोऽपि'. 'सज्ञानाचे झोंबे कंठीं'शी हे किती जुळतं पाहा.

या शब्दाचा मोठा गुण असा की तो ऐकू येतो. अहंकार समोरच्याच्या मनात आहे की नाही हे आपण बाहेरून ठरवू शकत नाही, पण आवाज, घाई, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ न देणं हे कुणालाही दिसतं. "काका अभिनिवेशाने बोलले" आणि "मीही तितक्याच अभिनिवेशाने उत्तर दिलं" ही दोन्ही वाक्यं बिनचूक आहेत, आणि दुसरं प्रथमपुरुषात म्हणताना मराठी जीभ अडखळत नाही.